अमोलिककाकांची दोन तोंडं

आमच्या सोसायटीत दोन माणसांचं भांडण मिटलं की अमोलिककाकांचा चेहरा पडतो.

मागे एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या भाटियाबाई आणि चौथ्या मजल्यावरचे रिटायर्ड कर्नल बक्षी यांच्यात समेट झाला. दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. कारण पार्किंग, त्याच्या मागचं कारण कुंड्यांचं गळणारं पाणी, आणि त्याच्याही मागे काय होतं ते दोघांनाही आठवत नव्हतं. भाटियाबाईंच्या मुलाच्या वरातीत कर्नलसाहेब भांगडा नाचले आणि प्रकरण संपलं. सगळी सोसायटी खूश. व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी अमोलिककाका माझ्या दारात. दाढी केलेली नाही, मफलर गळ्यात नुसताच टाकलेला.

"ताई, चांगली जोडी गेली हो," ते म्हणाले.

मला वाटलं कुणी वारलं. "कोण गेलं काका?"

"गेलं कुणी नाही. बोलायला लागले ना दोघं! आता त्यांचा काय उपयोग?"

हे समजायचं तर काकांनी उभी नोकरी काय केली ते सांगायला हवं. मनोहर अमोलिक, मूळचे नगरचे, दिल्लीच्या कोर्टांत प्रोबेशन अधिकारी होते. मला आधी वाटायचं, हे नोकरी कायम होण्याआधीचं प्रोबेशन असावं. मी नोएडातल्या एका आयटी कंपनीत एचआरमध्ये आहे, माझी धाव तिथवरच. पण हे प्रकरण निराळं. माणसानं गुन्हा केला हे कोर्टात ठरलं की पुढचा प्रश्न उरतो, याला शिक्षा किती? तुरुंगात घालायचं, की समज देऊन देखरेखीखाली घरीच ठेवायचं? त्यासाठी माणूस मुळात कसा आहे ते कोर्टाला कळायला हवं. मग प्रोबेशन अधिकाऱ्यानं त्याच्या गल्लीत जायचं, शेजाऱ्यांना, दुकानदाराला, आईला विचारायचं आणि रिपोर्ट द्यायचा.

काकांचं म्हणणं, खरी मेख इथेच आहे.

"चोरी केली हे सिद्ध करायला साक्षीदार, पंचनामा, उलटतपासणी, सगळा लवाजमा. आणि 'हा दारुडा आहे, बायकोला मारतो' हे सिद्ध करायला काय? तर पानवाला म्हणाला! एका पानवाल्याच्या तोंडावर माणसाच्या शिक्षेत महिन्याचं वर्ष होतं, ताई."

म्हणून त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला होता. कुणाबद्दल वाईट लिहायचं तर दोन तोंडं पाहिजेत, आणि त्या दोन तोंडांचं एकमेकांशी बोलणं नसलं पाहिजे. चांगलं लिहायला एक तोंड पुरे, मग ते आईचं का असेना. त्यांच्या साहेबांनी एकदा विचारलं म्हणे, अमोलिक, हा नियम कुठल्या पुस्तकात आहे? काका म्हणाले, कुठल्याच नाही, म्हणून तर मला करावा लागला.

नोकरी संपली, नियम संपला नाही. आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत कोण कुणाशी बोलत नाही याचा अख्खा नकाशा काकांच्या डोक्यात तयार असे. नव्यानं भांडण झालं की त्यांची चौकशी सुरू: कायमचं आहे की आठवड्याभराचं? सासू-सुनेची जोडी ते धरत नसत. "त्या बोलत नाहीत असं दाखवतात. आतून दोघींची बातमी एकच." नवरा-बायको तर मुळीच नाही. एकाच जिन्यावर राहणारे आणि एकमेकांकडे न बघता वर जाणारे दोन सख्खे भाऊ, हा त्यांच्या मते सर्वांत उत्तम माल.

माझ्या नोकरीची त्यांनी इतकी टर उडवली आहे की ऑफिसात रेफरन्स चेकचा फोन लावताना मला अजून त्यांचा आवाज ऐकू येतो. आम्ही उमेदवाराकडूनच दोन माणसांची नावं घेतो आणि त्यांना विचारतो, हा कसा आहे, हे मी भाबडेपणानं त्यांना सांगून बसले.

"त्यानंच दिलेली नावं?" काका म्हणाले.

"हो."

"आणि ती दोघं त्याच्याबद्दल वाईट बोलतात का कधी?"

"नाही, अजून तरी नाही."

"मग फोनचा खर्च कशाला करता?"

त्यांचं हे खूळ घरातही घुसायचं. माझी मुलगी सई तेव्हा सातवी-आठवीत होती. तिच्या हातून माझी जयपूरहून आणलेली निळी बरणी फुटली. मी तिला महिनाभर मोबाइल बंद म्हणून शिक्षा सुनावत होते, तेवढ्यात काका आले. ते कधी आत येऊन बसायचे नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, हात मागे बांधायचे, आणि तिथूनच घरात लक्ष घालायचं.

"बरणी फुटली, कबूल?" त्यांनी सईला विचारलं.

"कबूल."

"ताई, मग शिक्षा महिन्याची का? बरणीची तर आठवड्याची होईल."

"अहो, मुद्दाम केलंय तिनं. माझ्यावर राग होता. आणि नेहमीचंच आहे हे."

"मुद्दाम केलं हे कुणी पाहिलं? नेहमीचं आहे हे कोण म्हणालं? तुम्ही. आणि दुसरं कोण?"

दुसरं कोण? हे काकांचं पालुपद. सोसायटीत पोरं त्यांच्या मागे हेच ओरडत पळायची. शिक्षा आठवड्यावर आली. सई म्हणाली, "थँक यू काका, तुम्ही ना बेस्ट आहात यार." काका तिला म्हणाले, "तू बरणी फोडलीस ते फोडलीसच. त्यात कमी-जास्त नाही." आणि निघून गेले.

पण त्यांची खरी कामगिरी म्हणजे ती जनरल बॉडी मीटिंग. बी ब्लॉकमध्ये चार नोकरदार मुलं भाड्यानं राहत होती. त्यांच्यातल्या एकानं लिफ्टचं बटण तोडलं, कॅमेऱ्यात दिसलं, त्यानं मान्यही केलं. एवढ्यावर मीटिंगमध्ये ठराव आला, मुलांना फ्लॅट खाली करायला सांगा. का? तर त्यांचं चालचलन बरोबर नाही, रात्री-बेरात्री मुली येतात, दारूच्या बाटल्या असतात. सेक्रेटरी खुराना तावातावानं वाचत होते. काका मागच्या खुर्चीवरून उठले.

"बटण तोड़ा, साबित हुआ। बटण लगवा लो," त्यांनी त्यांच्या नगरी हिंदीत सुरुवात केली. "ये बाकी का किसने बोला?"

"अंकल जी, पूरी सोसायटी बोल रही है।"

"पूरी सोसायटी एक मुंह है। आपका व्हॉट्सॲप ग्रुप एक है ना? तो मुंह भी एक। दूसरा कौन?"

हशा पिकला. पण मग खुरानांना खरंच दुसरं नाव सांगता येईना. बाटल्या कुणी पाहिल्या? कचरा नेणाऱ्यानं, असं कर्नलसाहेबांना भाटियाबाईंच्या मोलकरणीनं सांगितलं होतं. मुली कुणी पाहिल्या? एक मुलगी होती, ती त्यांच्यातल्याच एकाची बहीण निघाली. ठराव बारगळला. ती मुलं नंतर मिठाईचा डबा घेऊन काकांकडे गेली, तर काकांनी दार अर्धंच उघडून सांगितलं, मी तुमच्या बाजूनं बोललेलो नाही, मी फक्त विचारलं, आणि डबा परत पाठवला.

असा हा माणूस. आता एवढं सांगून झाल्यावर मला जाणवतं की हे सगळं त्यांनी दुसऱ्यांबद्दल काय विचारलं याचंच झालं. खुद्द त्यांच्याबद्दल मला काय ठाऊक होतं? तळमजल्यावर एकटे राहतात. विमलकाकू आम्ही इथे यायच्या आधीच गेल्या. मूलबाळ नाही. नोकरीत असताना लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचे, तिथली मराठी मंडळी पुढे बदल्यांनी पांगली. रविवारी जुन्या स्कूटरवरून चर्चला जातात. नाताळात पुतण्याचा फोन येतो. आठ वर्षांच्या शेजारात एवढंच. कारण त्यांना काही विचारलं की ते उलट तुम्हालाच विचारायचे, आणि आपल्याबद्दल कुणी विचारलं की आपल्याला बरं वाटतं, त्यामुळे आपण बोलत सुटतो.

मग जानेवारीतल्या एका सकाळी, धुकं असं की आपलाच हात लांब केला तर पंजा दिसू नये, काका स्कूटरवरून दूध आणायला निघाले आणि बूथजवळ रस्ता ओलांडणाऱ्या शर्माजींना त्यांची धडक बसली. शर्माजी समोरच्या सोसायटीतले, वयानं काकांच्याच बरोबरीचे. घोट्याचं हाड मोडलं. पोलीस केस झाली.

सगळ्यांनी काकांना एकच सांगितलं: समझौता करून टाका. सोसायटीतल्या वकिलांनी सांगितलं, धुकं होतं, तुमचं वय बघता काही होणार नाही, फक्त गुन्हा कबूल करू नका. काका पहिल्याच तारखेला कोर्टात गेले आणि हात वर करून म्हणाले, मी धडक दिली, माझं लक्ष नव्हतं. वकिलांनी कपाळाला हात लावला.

हरकत नाही, असं मी म्हणणार होते, पण पुढे एक विघ्न आलं. शर्माजींच्या भाच्यानं सांगितलं की हा म्हातारा धडक देऊन पळून गेला. धडक देणं वेगळं आणि पडलेल्या माणसाला टाकून पळणं वेगळं. पहिल्याला समज देऊन सोडतील, दुसऱ्याला सोडतीलच असं नाही. शर्माजींना स्वतःला धुक्यात आणि दुखण्यात काही कळलं नव्हतं. भाचा तर तिथे नव्हताच.

मी तणतणत खाली गेले. "काका, तुम्ही पळालात?"

"नाही."

"मग कुठे होतात?"

"कोपऱ्यावर ऑटो बघायला धावलो. त्यांना उचलायचं कसं, मला एकट्याला जमेना. ऑटो घेऊन आलो तोवर लोकांनी त्यांना कुणाच्या तरी गाडीत घालून नेलं होतं."

"मग हे कोर्टात सांगा ना!"

"कुणी पाहिलं?"

"ऑटोवाल्यानं."

"तो कोण, कुठला, मला काय माहीत? धुक्यात त्याचा चेहराही दिसला नाही."

"काका, पळालात असं सांगणारं तोंड एकच आहे, आणि तेही तिथे नसलेल्या माणसाचं. तुमच्याच नियमानं ते उडतं."

"तो नियम लोकांसाठी होता," काका म्हणाले. "स्वतःला कोण लावतं तो?"

दुसऱ्या कुणाचं असतं तर या माणसानं आभाळ डोक्यावर घेतलं असतं. स्वतःची वेळ आली तर भलत्याच्या भाच्याचा शब्द त्यांना पुरला. मला त्यांचा इतका राग आला की मी पाय आपटत वर आले.

मॅजिस्ट्रेटनी शिक्षा सुनावण्याआधी रिपोर्ट मागवला. प्रोबेशन अधिकाऱ्याचा रिपोर्ट, आणि तो अमोलिककाकांबद्दल. रावत नावाची एक तरुण मुलगी आली, नुकतीच नोकरीला लागलेली असावी. पाठीला सॅक, तोंडावर प्रदूषणाचा मास्क. तिनं आधी काकांशी बोलून घेतलं आणि मग दुपारभर सोसायटीत फिरली. भाटियाबाईंकडे, कर्नलसाहेबांकडे, खुरानांकडे, गेटवर, किराणा दुकानात. काकांनी आयुष्यभर जे केलं ते सगळं.

संध्याकाळी काकांनी मला बोलावलं. त्यांच्या घरात मी तेव्हा पहिल्यांदाच पाऊल टाकलं. हॉलमध्ये एक खुर्ची, एक दिवाण, भिंतीवर काकूंचा फोटो. काका दिवाणाच्या कडेवर बसले होते.

"काय म्हणाले लोक?"

मी सगळीकडे आधीच कानोसा घेऊन आले होते. "वाईट कुणीच काही बोललं नाही."

"ते मला माहीत आहे. माझं कुणाशी भांडण नाही. चांगलं काय म्हणाले?"

ऐकलं तेच मी सांगितलं. सगळे एकच म्हणाले होते: ठीक आदमी हैं, अपने काम से काम रखते हैं. भाटियाबाईंना त्यांचं पहिलं नावही सांगता आलं नव्हतं. आपलं कुणाशी भांडण नाही असं काका म्हणत होते, पण खरं तर भांडण होण्याइतकंही त्यांचं कुणाशी नातं नव्हतं.

"मग ती लिहील, चौकशीत विशेष काही आढळले नाही," काका म्हणाले. "मीही तेच लिहायचो."

"कुणाबद्दल?"

"ज्याच्याबद्दल सांगणारं एकही तोंड मिळायचं नाही, त्याच्याबद्दल." त्यांनी काकूंच्या फोटोकडे पाहिलं. "एक माणूस होता ताई. हातगाडीवर माल ओढायचा, गाडीवरच झोपायचा. कुठून तरी लांबून आलेला. तांब्याची तार चोरली होती. मी दोन दिवस फिरलो, त्याचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही. वाईट सांगायला कुणी नाही, चांगलं सांगायला कुणी नाही. मी लिहिलं, विशेष काही आढळले नाही. त्याच्याबरोबर पकडलेल्यांबद्दल चांगलं सांगणारं कुणी ना कुणी होतं, ते सुटले, तो आत गेला. मला तेव्हा वाटलं, मी त्याच्याविरुद्ध अक्षर लिहिलं नाही, म्हणजे मी चोख काम केलं."

"मग चोखच केलंत की."

"कसलं चोख!" काकांचा आवाज चढला. तो चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "मी तासभर बसलो होतो त्याच्याशी. त्याच्या गाडीखाली कुत्रीची पिल्लं होती आणि थंडी म्हणून स्वतःचं पोतं त्यानं त्यांच्यावर घातलं होतं. मी पाहिलं, ताई. माझ्या डोळ्यांनी. चांगलं लिहायला एक तोंड पुरे म्हणायचो ना? अहो, मीच होतो ते तोंड. मला सुचलंच नाही. मी दुसऱ्या कुणाला तरी शोधत फिरत होतो."

ज्याला कुणी नाही, त्याला या नियमात जागाच नव्हती. इतका दयाळू नियम, आणि तो करणाराही आता त्याच भोकातून खाली पडत होता. मला फार वाईट वाटलं. त्यांच्याबद्दल वाटलं, त्या न पाहिलेल्या हातगाडीवाल्याबद्दल वाटलं, आणि खरं सांगायचं तर उद्या कुणी माझी चौकशी करायला आलं तर या शहरात कोण काय सांगेल, या विचारानंही वाटलं. नवरा महिन्यातला बराच काळ हैदराबादला, ऑफिसात सगळे नमस्कारापुरते.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि रावतला तिच्या ऑफिसात जाऊन गाठलं.

"मॅडम, आपने मुझसे तो पूछा ही नहीं।"

"आप उस वक्त ड्यूटी पर थीं, मैम।" तिनं खुर्ची दिली. "वैसे सर ने तो मुझे खुद बोला, लिख लो बेटा, भाग गया था।"

"झूठ बोला उन्होंने!" मी इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या टेबलावरचे साहेब वळून बघायला लागले. मग मी ऑटोचं सगळं सांगितलं.

"आपने देखा था?"

"नहीं. उन्होंने बताया."

तिनं पेन टेबलावर ठेवलं. "देखिए मैम, सजा बढ़ाने वाली बात हो तो पक्की होनी चाहिए। भागने वाली बात एक आदमी ने कही, वो भी वहां था नहीं। वो मैं वैसे ही नहीं लिखती। और सजा घटाने वाली बात में इतनी सख्ती नहीं होती। ऑटो वाली बात मानने लायक है, तो लिख दूंगी। पर आदमी कैसे हैं, ये तो कोई बताए। कोई कुछ जानता ही नहीं।"

मी सांगायला लागले. बरणीचं सांगितलं, बी ब्लॉकच्या मुलांचं सांगितलं, मिठाईचा डबा परत पाठवल्याचं सांगितलं. हा माणूस आठ वर्षं आमच्यात राहिला आणि त्याच्या तोंडून कुणाचीही उणी गोष्ट पुढे गेली नाही, आमच्या सोसायटीत याला काय किंमत आहे ते तुम्हाला आमचा ग्रुप वाचल्याशिवाय कळायचं नाही, असंही सांगितलं. हातगाडीवाल्याचं मात्र सांगितलं नाही. ते त्यांचं त्यांच्यापाशी.

"रिश्ता क्या लिखूं? पड़ोसी?" रावतनं विचारलं.

"पड़ोसी," मी म्हणाले. दुसरा शब्द माझ्याकडे नव्हता.

कोर्टानं काकांना तुरुंग दिला नाही. वर्षभर नीट वागण्याचा बाँड, आणि त्या काळात प्रोबेशन अधिकाऱ्याची देखरेख. म्हणजे दर महिन्याला रावत त्यांच्या घरी येणार आणि विचारणार, कसे आहात, काय करता, काही अडचण आहे का. गाडी चालवणार नाही असं काकांनी स्वतःहून सांगितलं आणि स्कूटर भंगारात दिली. सोसायटीत आधी कुजबुज झाली, अंकल को सजा हुई है, मग लोक विसरले.

काका विसरले नाहीत. रावत यायची त्या दिवशी सकाळपासून त्यांची गडबड सुरू. इस्त्रीचा सदरा, दाढी, फरशी पुसून घेतलेली. एक खुर्ची कमी पडते म्हणून दुसरी आणली. ती पोरगी पहाडातली, तिला चहात आलं लागतं, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. ती आली की तासभर बसायची. मी एकदा जिन्यावरून जाताना ऐकलं, काका हसत होते. काकूंची कुठलीशी गोष्ट सांगत होते, काकूंना दिल्लीत पहिल्या हिवाळ्यात स्वेटर उलटा घालून ऑफिसला गेल्याबद्दल कशी बोलणी बसली होती ती. मला आठ वर्षांत ही गोष्ट माहीत नव्हती. कोर्टाच्या हुकुमानं आलेल्या मुलीला ती माहीत झाली.

पावसाळा संपला आणि एका दुपारी काका दारात आले. हात मागे बांधलेले, नेहमीसारखे.

"ताई, एक काम होतं. रावत म्हणते, तुमची वर्तणूक इतकी चांगली आहे की मी कोर्टाला लिहून देखरेख लवकर संपवते. म्हणजे पुढच्या महिन्यापासून यायला नको."

"अरे वा! अभिनंदन काका!"

"तेच तर. तुम्ही तिच्याशी बोलाल का?"

"काय बोलू?"

ते जरा घुटमळले. "माझ्याबद्दल थोडं वाईट सांगाल का?"

मला हसू फुटलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. ते अगदी गंभीर होते. नीट विचार करून आले होते.

"फार नाही," ते म्हणाले. "म्हातारा हेकट आहे, एकटा सोडण्यासारखा नाही, एवढंच. बक्षींनाही सांगून ठेवतो. म्हणजे वर्ष तरी पुरं होईल."

"काका, तिची यायची इच्छा असेल तर ती अशीही येईल."

"नाही येत," काका म्हणाले. "मी इतक्या लोकांकडे गेलो. बाँड संपल्यावर परत एकाच्याही घरी गेलो नाही. ते वाट बघत असतील असं डोक्यातच आलं नाही कधी. तिच्याकडे किती केसेस असतात. तिनं का यावं?"

"मग मी येत जाईन."

"तुम्ही? तुम्हाला कुणी सांगितलंय?"

"कुणी नाही."

"मग कशाला याल?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि त्यांना उत्तर हवं होतं. ते तसेच उंबऱ्याबाहेर उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. मी पायात चपला सरकवल्या, दार ओढून घेतलं, त्यांच्याबरोबर जिना उतरून त्यांच्या घरी गेले आणि रावतच्या खुर्चीवर जाऊन बसले.

काका चहाचं आधण ठेवायला वळले. मग म्हणाले, "आलं घालू का चहात?"

"घाला," मी म्हणाले. "आणि मग ती स्वेटरची गोष्ट मला पहिल्यापासून सांगा."